शिराझमधली मिरी थाप नाही

वाइनच्या बाटलीमागचा मजकूर वाचला की मराठी माणूस थबकतो. शिराझच्या बाटलीवर काळी मिरी लिहिलेली असते, सोविन्यों ब्लाँवर पेरू, कॅबर्ने सोविन्योंवर ढोबळी मिरची, लाकडी पिंपात मुरलेल्या एखाद्या वाइनवर लवंग आणि खोबरे. आत द्राक्षाच्या रसाखेरीज यातले काहीही घातलेले नसते. मग हा सगळा मसाला आला कुठून? हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे शिवारात सोयाबीन, कापूस आणि हळद आहे आणि वाइनची द्राक्षे दूर नाशिकला पिकतात, तिथे या प्रश्नाचे उत्तर फार झटकन दिले जाते. हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. विकणारा थापा मारतो आणि पिणारा आव आणतो. आंबलेला रस शेवटी आंबलेलाच, त्यात कसली आली मिरी अन् कसला पेरू!

हे मत अडाणीपणातून आलेले नाही. शिकलेसवरले लोकच ते अधिक ठासून मांडतात आणि त्यांच्या हाताशी पुरावेही असतात. त्या पुराव्यांचा समाचार पुढे घ्यायचा आहे. पण मत चुकीचे आहे. वाइनचे जे व्हायचे ते होवो. या मताने वासावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिकावर अन्याय होतो, आणि हिंगोलीची हळद त्यातलेच एक पीक आहे. म्हणून ते खोडून काढणे भाग आहे.

आधी मिरीचेच घेऊ. काळ्या रानात राबलेल्या कोणालाही हराळी, कुंदा आणि लव्हाळा यांची ओळख करून द्यावी लागत नाही. कितीही खुरपले तरी लव्हाळा पुन्हा उगवतो, कारण त्याच्या गाठी जमिनीखाली राहतात. याच गाठी वाळवल्या की काष्ठौषधींच्या दुकानात मोथा किंवा नागरमोथा म्हणून मिळतात आणि दिवाळीच्या उटण्यात जातात. सायपरस रोटंडस हे त्या तणाचे शास्त्रीय नाव. १९६७ साली सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींच्या सुगंधी तेलातल्या घटकांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुख देव त्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. त्या घटकांतल्या एकाला वनस्पतीवरूनच रोटंडोन हे नाव मिळाले. पुढे चाळीस वर्षे हे नाव रसायनशास्त्राच्या पुस्तकांबाहेर फारसे कोणी उच्चारले नाही.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या वाइन संशोधन संस्थेने शिराझमधल्या मिरीच्या वासाचा माग काढला तेव्हा तो याच रोटंडोनपाशी येऊन थांबला. द्राक्षाच्या सालीत तो होता, तयार वाइनमध्ये होता आणि खुद्द काळ्या मिरीतही होता. मिरीला मिरीचा वास ज्या रेणूमुळे येतो, तोच शिराझमध्ये आहे. तांबड्या वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. या हिशेबाने एक ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटर वाइनला मिरीचा वास द्यायला पुरेल. बाटलीवर मिरी छापणारा माणूस कदाचित विक्रीसाठीच ती छापत असेल, पण तो खोटे लिहीत नाही. ज्या तणाला हिंगोलीचा शेतकरी शिव्या घालतो त्याच्या गाठीत सापडलेला रेणू सातासमुद्रापार एका द्राक्षाच्या सालीत आढळावा, यापेक्षा मोठे आश्चर्य कोणत्याही जाहिरातदाराला रचता आले नसते.

ढोबळी मिरचीचे प्रकरण तर याहून जुने आहे. तिच्या वासाला कारणीभूत असलेला पायराझीन गटातला पदार्थ १९६९ साली अमेरिकेत ओळखला गेला आणि पुढच्या काही वर्षांत तो कॅबर्ने सोविन्योंच्या द्राक्षातही सापडला. द्राक्ष पिकत जाते, घडावर ऊन पडते, तसतसा तो कमी होतो. म्हणून बागाईतदार घडाजवळची पाने काढतात. म्हणजे पेल्यातल्या वाइनला ढोबळ्या मिरचीचा वास फार येत असेल तर जाणकार माणूस हजार मैलांवरून सांगू शकतो की द्राक्ष घाईने तोडले किंवा घड सावलीत राहिले. ज्याला चोचले म्हटले जाते ते असे शेतीचे निदान असते.

पेरूचीही गोष्ट हीच. सोविन्यों ब्लाँमधला पेरूसारखा वास गंधकयुक्त काही रेणूंमुळे येतो आणि हे रेणू गुलाबी गराच्या पेरूतही आढळले आहेत. इथे आक्षेप घेणारा विचारतो: मग ते द्राक्ष खाताना पेरूचा वास का येत नाही? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्याहून सुरेख. द्राक्षात हे रेणू दुसऱ्या घटकांना बांधलेले असतात, त्यामुळे त्यांना वासच नसतो. रस आंबताना यीस्ट ती गाठ सोडवते आणि वास मोकळा होतो. आंबवणे म्हणजे रस नासवणे अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी इथे थोडे थांबावे. इडलीचे पीठ, दही, ताक, आंबील, लोणचे या सगळ्यांत मूळ पदार्थात नसलेला स्वाद सूक्ष्मजीवांनीच आणलेला असतो, आणि त्याला मराठी घराने कधी थाप म्हटले नाही.

मस्कत जातीच्या द्राक्षात लिनालूल असते. धण्याच्या तेलाचा मोठा भाग लिनालूलचाच असतो. ओकच्या पिंपातून वाइनमध्ये युजेनॉल उतरते आणि लवंगेचा वास तेच देते. रीसलिंगला उन्हात वाढल्यावर आणि बाटलीत काही वर्षे मुरल्यावर रॉकेलसारखा वास येऊ लागतो, त्यालाही कारणीभूत असलेला रेणू ठाऊक आहे. मराठवाड्यात ज्या वासाची वाट जून महिन्यात सगळे पाहतात तो पहिल्या पावसाच्या मातीचा वासही यात सुटत नाही. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेले जिओस्मिन त्यामागे असते. वाइनमध्ये मात्र जिओस्मिन हा दोष समजला जातो, कारण ते बुरशी लागलेल्या द्राक्षांतून आलेले असते. एकाच रेणूवर शिवारात जीव ओवाळून टाकावा आणि पेल्यात सापडला तर माल परत पाठवावा, इतका नेमका हा विषय आहे.

आता विरोधकांचे पुरावे. पहिला आणि सगळ्यांत गाजलेला पुरावा बोर्दोचा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली गेली आणि नंतर तीच वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली गेली. रंगवलेल्या वाइनचे वर्णन त्यांनी तांबड्या वाइनला वापरायच्या शब्दांत केले. तेव्हापासून हा प्रयोग जगभर हत्यारासारखा वापरला जातो. वाइन शिकणाऱ्या मुलांनाच पांढरे-तांबडे कळत नाही, मग बाकीच्यांच्या पेरू-मिरीला काय अर्थ, असा त्याचा सूर असतो.

प्रयोग खरा आहे. निष्कर्ष खोटा आहे. डोळ्यांनी जे पाहिले त्याने नाकाला आधीच दिशा दिली, एवढेच त्या प्रयोगातून दिसते. रंग टाकल्याने पांढऱ्या वाइनमधले रेणू नाहीसे झाले नव्हते. तराजूत पासंग असला म्हणून धान्याला वजन नसते असे कोणी म्हणत नाही. हाच फसवा डोळा हळदीच्या व्यापारात रोज भेटतो. हिणकस हळद पिवळीधमक दिसावी म्हणून मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिशाचे विषारी क्रोमेट वापरल्याची प्रकरणे भारतीय उपखंडात वारंवार उघडकीस आली आहेत. त्या रंगाला भलेभले फसले आहेत. त्यावरून हळदीची प्रत ही कविकल्पना आहे असे म्हणायला हिंगोलीच्या मोंढ्यात कोणी धजावणार नाही. तिथला अनुभवी खरेदीदार उलट मार्ग धरतो. रंग फसवू शकतो हे माहीत असल्यामुळे तो हळकुंड मोडून पाहतो, नाकाशी नेतो, जिभेला लावतो. वाइनच्या परीक्षकांनीही तेच केले. रंग दिसू नये म्हणून काळ्या काचेचे पेले वापरायची पद्धत आहे.

दुसरा पुरावा कॅलिफोर्नियाचा. तिथल्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी काही वर्षे परीक्षकांचीच परीक्षा घेतली. एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा, परीक्षकांना नकळत, दिली. दहापैकी जेमतेम एक परीक्षक आपल्या गुणांत सातत्य राखू शकला. या पुराव्यापुढे मान तुकवायलाच हवी, पण कशापुढे मान तुकवतो आहोत हे नीट पाहून. हॉजसन यांनी गुण आणि पदके तपासली. दिवसभरात डझनावारी वाइन चाखून शंभरपैकी नव्वद की ब्याण्णव हे ठरवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे त्यांनी सिद्ध केले. त्यामुळे बाटलीवरच्या सोनेरी पदकावर विश्वास ठेवू नये हा सल्ला योग्यच आहे. पण ‘हिला मिरीचा वास आहे’ आणि ‘हिला ब्याण्णव गुण आहेत’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिले प्रयोगशाळेत तपासता येते, दुसरे येत नाही. आक्षेप घेणारे दोन्ही एकाच पोत्यात भरतात, आणि त्यांचा सगळा युक्तिवाद त्या पोत्यावर उभा असतो.

किमतीचा खेळही असाच. तीच वाइन महाग म्हणून सांगितली की लोकांना अधिक आवडते आणि मेंदूतही तसे दिसते, असे २००८ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात आढळले. महागड्या वाइनच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांना यातून चांगले शस्त्र मिळते आणि ते त्यांनी जरूर वापरावे. वासाशी त्याचा संबंध नाही.

‘आम्ही पिऊन पाहिली, आम्हाला तर काही आले नाही’ असे म्हणणाऱ्याला मात्र झिडकारून चालणार नाही. तो बहुधा खरेच बोलत असतो. ॲडलेडच्या त्याच संशोधनात साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास अजिबात आला नाही, मात्रा शेकडो पटींनी वाढवली तरीही. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही असतात आणि त्यांची घडण माणसागणिक थोडी वेगळी असते. हे ग्राही शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा एका टेबलावरच्या पाच जणांपैकी चौघांना शिराझमध्ये मिरी सापडेल आणि पाचव्याला नाही, तर पाचही जण प्रामाणिक असू शकतात. हा पाचवा माणूस उरलेल्या चौघांना ढोंगी ठरवतो तिथे त्याची चूक सुरू होते. रंगांधळा माणूस असे करत नाही, कारण रंगांधळेपण त्याला समजावून सांगितलेले असते. वासाचे आंधळेपण आपल्याकडे कोणी समजावून सांगत नाही.

यापुढचा आक्षेप संस्कृतीचा असतो आणि तो सगळ्यांत मोठ्या आवाजात येतो: हे आपले नाही. पाश्चात्त्यांचे खूळ इथे कशाला?

मराठवाड्याने तरी हे म्हणू नये. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे आणि तिथे वर्षातून दोनदा फळ येते असेही लिहिले आहे. युरोपातल्या वेलीला वर्षातून एकदाच फळ येते, हिवाळ्यात ती झोपते. महाराष्ट्रातली वेल झोपतच नाही. म्हणून इथला बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडतो. द्राक्ष पिकण्याच्या काळात नाशिकच्या रात्री थंड असतात. तिथल्या वाइनचा सुगंध टिकण्यात त्या थंडीचा मोठा वाटा आहे. पुस्तकी फ्रेंच वेळापत्रकाने इथे काहीच साधले नसते. ही शेती इथल्या माणसांनी इथल्या हवेला पाहून बसवली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच सुमारास नाशिकजवळ राजीव सामंत यांची सुला वाइनरी उभी राहत होती. म्हणजे या दोघांचे वय जवळपास सारखेच आहे. त्याआधी नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी शँपेनच्या धर्तीची वाइन करून परदेशी पाठवली होती. पुढे अकलूजच्या बाजूला मोहिते-पाटलांच्या भागीदारीत इटालियन जातींचे मळे उभे राहिले.

आणि द्राक्षारिष्ट? हिंगोलीतल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ते मिळते. शार्ङ्गधर संहितेतल्या या कल्पात द्राक्षे आणि गूळ आंबवतात आणि त्यात दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग घालतात. आसव-अरिष्टांच्या आंबवणीसाठी धायटीची फुले वापरायची पद्धत तर सर्रास आहे. कल्प नीट सिद्ध झाला की नाही हे वैद्य रंग, वास आणि चव पाहून ठरवतात. ज्या परंपरेत आंबलेल्या द्राक्षाची परीक्षा वासावरून होते, तिला वाइनचा वास परका कसा?

कळमनुरीकडच्या डोंगराळ पट्ट्यात आंध समाजाच्या वस्त्या आहेत, आणि राज्यातल्या आदिवासी भागांना मोहाच्या फुलांचा वास सांगावा लागत नाही. या फुलांवर पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी काम केले आहे. बासमती आणि आंबेमोहोर तांदळाला ज्या रेणूमुळे घमघमाट येतो तोच त्यांना मोहाच्या फुलात सापडला. एका रेणूला भाताच्या पातेल्यात मान आणि मोहाच्या फुलात हेटाळणी, हा भेद नाकाने केलेला नाही. तो माणसामाणसांतल्या उच्चनीचतेने केलेला आहे. वाइनबद्दलच्या तिरस्कारातही हेच उलट दिशेने घडते. तिथे पैसेवाल्यांचा राग वासावर निघतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. या रागाला विकणाऱ्यांनी खतपाणी घातले आहे. इथल्या वाचकाने जन्मात न पाहिलेल्या युरोपी रानफळांची नावे लेबलांवर उतरवली जातात, जणू वास ओळखायला आधी परदेशी जाऊन यायला हवे. हा आळस आहे आणि त्याचा निषेध करायलाच हवा. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या ॲन नोबल यांनी १९८४ साली वासांचे चक्र प्रसिद्ध केले. त्यातला नियम साधा होता. ज्याचा नमुना पेल्यात घालून दाखवता येईल तेवढेच बोलायचे. ‘देखणी’, ‘राजस’ असली विशेषणे त्यात बसत नाहीत. साध्या वाइनमध्ये ढोबळ्या मिरचीचा तुकडा बुडवायचा, वास घ्यायचा, मग कॅबर्नेचा घ्यायचा. ही पद्धत हिंगोलीच्या स्वयंपाकघरात आजच वापरता येईल: धणे, लवंग, वेलची, मिरी, पेरू, ओले खोबरे, मेथी, गूळ. यातला एकही जिन्नस नाशिकहूनसुद्धा मागवावा लागत नाही.

सगळ्यांत गंभीर विरोध दारूच्या दुष्परिणामांचा आहे, आणि त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. वाइन त्यातून सुटलेली नाही. व्यसनाने घरे बुडालेली पाहिलेली बाई गावात आडवी बाटली करायला मतदानाला उभी राहते तेव्हा तिचे म्हणणे सुगंधाच्या गप्पांनी खोडता येत नाही आणि खोडूही नये. पण २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा काय झाले ते आठवावे. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विधिमंडळाबाहेर आणि आत शब्दांचे खटके उडाले. एका बाजूने वाइन म्हणजे दारू नव्हेच असे सांगितले, जे खोटे आहे. दुसऱ्या बाजूने वाइन म्हणजे फक्त दारू असे सांगितले, जे अर्धेच खरे आहे. वाइन हे शेतमालापासून बनलेले मद्य आहे आणि तिची किंमत नशेवर ठरत नाही. नशा तर सगळ्यांत स्वस्त बाटलीतही तेवढीच असते. फरकाचे पैसे वासाला मिळतात. दुकानात ती विकावी की नाही याचे उत्तर ‘नको’ असे असू शकते आणि त्या उत्तरामागे भक्कम कारणे आहेत. ते उत्तर देण्यासाठी वास खोटा आहे असे म्हणण्याची गरज नाही.

आणि वास खोटा म्हटला की नुकसान शेतकऱ्याचे होते. खाण्याच्या द्राक्षाला आकार, गोडी आणि चकाकी लागते. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस या जाती त्यासाठीच लावल्या जातात. त्यांचा वास मंद असतो आणि ग्राहकाला त्याची तक्रारही नसते. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे असते, कारण बहुतेक सुगंध सालीत असतो. चांगल्या प्रतीसाठी वेलीवरचा भार कमी ठेवावा लागतो, म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडावे लागते. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले तेव्हा नाशिकमध्ये अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ नंतरच्या मंदीत मागणी कोसळली, माल पडून राहिला आणि कित्येकांनी वेली उपटल्या. सुगंधाला किंमत नसेल तर कमी टनांचे पीक घेणारा शेतकरी मूर्खच ठरतो. त्याच्या कष्टाला अर्थ देणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे पेल्यापाशी नाक नेणारा, वासातला फरक ओळखणारा आणि त्याचे पैसे मोजणारा गिऱ्हाईक.

हे हिंगोलीला थेट लागू पडते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे, आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात हळदीचे बीट चालते. एखाद्या गावाच्या नावाने मानांकन घ्यायचे याचा अर्थच असा की इथल्या मातीचा, पाण्याचा आणि हाताचा गुण मालात उतरतो हे आपण मान्य केले. नाशिक व्हॅली वाइनलाही असेच मानांकन आहे. हळदीत गावाचा गुण उतरतो पण द्राक्षात उतरत नाही, असे दोन्ही तोंडांनी बोलता येणार नाही.

हळदीच्या भावाची चर्चा बहुतेक वेळा रंग, लांबी, पॉलिश आणि कुरक्युमिनच्या टक्क्यांभोवती फिरते. कुरक्युमिनला मात्र वास नसतो म्हटले तरी चालेल. हळदीचा वास टर्मेरोन आणि त्याच्या भावंडांचा, आणि ती राहतात बाष्पनशील तेलात. वाळलेल्या चांगल्या हळदीत हे तेल साधारण तीन ते पाच टक्के असते. कंद गरजेपेक्षा जास्त शिजवले, उन्हात नको तितके तापवले, दळताना चक्की गरम झाली, पोती उघडी राहिली, की ते उडून जाते. रंग जागेवर राहतो, कुरक्युमिनचा आकडाही फारसा हलत नाही, आणि हळद मुकी होते. गृहिणीला फोडणीत ते लगेच कळते.

म्हणून नाकाचे शिक्षण हा पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींचा विषय समजून सोडून देण्यात हिंगोलीचे हित नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षावर जसे काम होते, तसे हळदीच्या वासावर करायला मराठवाड्यात जागा आहेत. शेजारच्या परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे आणि वासाची चाचणी हा तिथल्या अभ्यासाचाच भाग आहे. वाइनच्या जगाने शंभर चुका करत जी पद्धत बसवली, काळे पेले, नमुन्यांशी ताडून पाहणे, एकच नमुना नकळत पुन्हा देऊन परीक्षकाला तपासणे, गुणांपेक्षा वर्णनावर भर देणे, ती जशीच्या तशी उचलता येते. हॉजसन यांचा प्रयोग तर हळदीच्या परीक्षकांवर पहिल्याच वर्षी करावा, म्हणजे कोणाच्या नाकावर भरवसा ठेवायचा ते कळेल. असे तपासलेले आठ-दहा जण मार्केट यार्डात, ओलावा मोजणाऱ्या यंत्राशेजारी, पगारावर बसवावेत. त्यात हळद शिजवून वाळवण्यात आयुष्य गेलेल्या बायकांना आधी घ्यावे, आणि गेल्या वर्षीचा माल नव्या पोत्यात मिसळून आला तर बिटाआधी तो बाजूला काढण्याचा अधिकार त्यांना द्यावा.